ग्राहकांची वही: तांडापेठेत मसाला विकताना जमलेलं थोडं ज्ञान

माझ्या मसाल्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की ही जाहिरात होते, आणि जाहिरात माणूस अर्धे डोळे मिटून वाचतो. एवढं सांगते की मी नागपुरात तांडापेठेत राहते, आमचं कोष्ट्याचं, म्हणजे विणकरांचं घर, आणि २०१६ पासून काळा सावजी मसाला, म्हणजे आमच्या समाजाच्या झणझणीत रश्श्याचा मसाला, करून विकते. मुलगी पुण्याला होस्टेलला गेली तेव्हा तिच्यासोबत एक डबा दिला होता. खोलीतल्या मुलींनी तो पंधरा दिवसांत संपवला आणि त्यातल्या एकीच्या आईचा मला थेट फोन आला, "अर्धा किलो पाठवाल का? पैसे कसे देऊ?" धंदा तिथून सुरू झाला. आज महिन्याला साठ किलोच्या आसपास माल जातो. फार मोठं काही नाही, पण घर चालतं आणि दोन बायकांना रोज काम आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत विचारायला येणारे वाढले. केक करणारी शेजारीण, मातीची भांडी घडवणारी एक मुलगी, वऱ्हाडीत गोष्टी सांगून त्याचे व्हिडिओ टाकणारा एक पोरगा. प्रश्न सगळ्यांचा एकच: "काकू, हे ब्रँडचं तुम्ही कसं करून राहिल्या?" प्रत्येकाला चहा पाजून तेच सांगते. आता लिहूनच ठेवते.

आधी वही घ्या

लोगो नंतर. इन्स्टाग्रामचं पानही नंतर. आधी दोनशे पानी वही आणा आणि तिच्यावर दुसरं काही लिहायचं नाही असं घरच्यांना बजावून ठेवा. माझ्या पहिल्या वहीची मागची वीस पानं धाकट्याने क्रिकेटच्या स्कोअरला वापरली आहेत.

वहीत प्रत्येक ग्राहकामागे पाच गोष्टी लिहायच्या: कोण, आपल्यापर्यंत कोणाकडून आला, काय शब्दांत मागितलं, कशात घालणार, पुन्हा कधी आला. यातला तिसरा रकाना सोन्याचा. तिथं आपले शब्द घुसडायचे नाहीत. बाई म्हणाली, "तिखट नको वो, पण चव सावजीची पाहिजे", तर तसंच लिहायचं. ‘कमी तिखटाची मागणी’ असं लिहिलं की सगळं पाणी झालं.

मला वाटायचं, सावजी मसाला म्हणजे मटण. माझ्या पहिल्या लेबलवर तुरेवाला कोंबडा होता, चांगला ऐटबाज. सहा महिन्यांनी वही चाळायला बसले तर ‘कशात घालणार’ या रकान्यात पाटवडीचा रस्सा, डाळकांदा, भरली वांगी, अंडाकरी, पुन्हा पाटवडी. मटण-चिकन होतं, पण निम्म्याहून कमी. घरात मांसाहार होत नाही, पण गोळीबार चौकातल्या सावजी खानावळींचा वास नाकात बसलेला आहे, अशी कितीतरी घरं माझी गिऱ्हाईकं निघाली. माझा कोंबडा त्यांना स्वयंपाकघरात नको होता. एका काकूंनी तर पाकिटातला मसाला बरणीत ओतून पाकीट घराबाहेर टाकल्याचं सांगितलं होतं. ते वहीत लिहिलं होतं, पण कळलं सहा महिन्यांनी. कोंबडा काढला. आता पाकिटावर फक्त काळ्या रश्श्याची वाटी आहे आणि खाली ओळ आहे, "तिखट कमी, चव सावजीची." ही ओळ मी रचलेली नाही. वहीतल्या तीन-चार बायकांचं बोलणं जुळवलेलं आहे.

त्या गोष्टीवाल्या पोराला मी हेच करायला लावलं. तो कोणाच्या लग्नात, पानठेल्यावर, बसस्टँडवर भेटलेल्या माणसांचं बोलणं लिहू लागला. त्याला वाटत होतं लोकांना त्याचे विनोद आवडतात. लोक विचारत होते, "तुही आजी कशी आहे बे?" त्याच्या गोष्टीत एक चिडकी आजी असायची, कधीमधी. आता ती प्रत्येक भागात असते, आणि लोक त्याला नावाने कमी, ‘आजीवाला’ म्हणून जास्त ओळखतात. त्याला आधी वाईट वाटलं. मी म्हटलं, बाबू, फुकटात मिळालं आहे, घेऊन टाक.

नाव

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून मिलला ‘एम्प्रेस’ नाव मिळालं. पण कंपनीचं कागदावरचं नाव होतं ‘द सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. हे लांबलचक नाव मी आमच्या मोहल्ल्यात कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. मिल बंद पडली, जागेवर मॉल आला, आणि ‘एम्प्रेस’ तेवढं लोकांच्या तोंडी राहिलं.

हे मला माहीत असूनही मी माझ्या मसाल्याला सुरुवातीला पाच शब्दांचं नाव दिलं होतं. त्यात कुलदैवत होतं, सासूबाई होत्या आणि ‘गृह उद्योग’ होतं. लोक फोनवर म्हणायचे, "ते तांडापेठवाल्या काकूंचं". दोन वर्षांनी नाव बदललं, दोन शब्दांवर आणलं. बदलण्यात काय गेलं? छापून ठेवलेली चार हजार पाकिटं. म्हणून सुरुवातीला स्टिकर वापरा. साधं पाकीट आणि त्यावर स्टिकर, दोनशे-तीनशेच्या वर छापूच नका. छापखानेवाला म्हणेल, पाच हजार घेतले तर पाकीट किती स्वस्त पडतं बघा. त्याचं गणित बरोबर असतं, फक्त ते त्याचं असतं.

नाव ठरवताना मी ज्या चाचण्या घेतल्या त्या सांगते. एक, गाडीच्या आवाजात मोबाइलवर नाव सांगा. समोरच्याने "काय? काय?" केलं तर नाव बाद. दोन, दहावीतल्या पोराला ते नाव इंग्रजी अक्षरांत लिहायला लावा. पाच पोरांनी पाच तऱ्हांनी लिहिलं तर उद्या शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. तीन, एखाद्या चिडलेल्या माणसाच्या तोंडी ते नाव घालून बघा. माझं एक लाडकं नाव या तिसऱ्या चाचणीत गेलं. त्याचं यमक इतकं वाईट जुळत होतं की इथं लिहीत नाही.

आणि सावजी? तो शब्द कोणा एकाचा नाही. नागपुरात ज्या रस्त्याला वळाल तिथं सावजी भोजनालय आहे, काही खरोखर आमच्या समाजाची, बरीच नाहीत. मालाचं नुसतं वर्णन करणारा किंवा बाजारात सर्रास चालणारा शब्द ट्रेडमार्क कायद्याने एकट्याच्या नावावर होणं कठीण असतं. म्हणून ‘सावजी मसाला’ हे मालाचं वर्णन म्हणून खाली लहान अक्षरांत ठेवा, आणि वर आपलं स्वतःचं नाव मोठं. नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून बघा, शोधायला पैसे लागत नाहीत. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणचं मात्र २९ मध्ये. दोन्ही विकायचं असेल तर दोन्हीकडे बघा. मी एकटीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तेव्हा एका वर्गाची फी ४,५०० रुपये पडली. नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. नावाशेजारी ‘टीएम’ तुम्ही नोंदणीआधीही लावू शकता. गोलातलं ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचं नाही, तो गुन्हा आहे. शेजारणीने केकच्या खोक्यावर ते ‘आर’ शोभेसाठी टाकलं होतं. तिला वाटलं, दर्जाची खूण असते.

लेबलबद्दल फार लिहीत नाही. खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी. मी केली तेव्हा छोट्या उद्योगाला वर्षाला शंभर रुपये पडत होते. मग लेबलवर त्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, तक्रारीचा फोन, शाकाहाराचा हिरवा ठिपका. हे सगळं मागच्या बाजूला नीट वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आजोबांना चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे असं मी म्हणते, डिझायनर पोरगा म्हणतो, मग सुंदर दिसणार नाही. भांडण अजून चालू आहे.

ठसका

व्हिडिओचं मला सुरुवातीला टेन्शन होतं. मुलीने शिकवलं, पण तिच्या पद्धतीने केलेले पहिले दहा-बारा व्हिडिओ कोणी बघितले नाहीत. मागे संगीत, वर फिरती अक्षरं, मी साडी नेसून हसत उभी. माझ्याच बहिणीने विचारलं, "काहून अशी उभी होतीस, लग्नाला चालली होतीस का?"

मग एप्रिलमध्ये मिरच्या भाजताना शेजारचे दादा खिडकीतून ओरडले, "वहिनी, आज अजून किती वेळ?" आणि एकापाठोपाठ चार ठसके. मुलीने फोन चालूच ठेवला होता. तीस-पस्तीस सेकंद: कढईतल्या भिवापुरी मिरच्या, धूर, ठसके, दादांचा वैतागलेला आवाज आणि माझं "झालंच बाप्पा, दोन मिनिटं". तो व्हिडिओ फिरला. लोकांनी ऑर्डर देताना विचारलं, दादा बरे आहेत का. दादांना मी आता दर हंगामात अर्धा किलो पाठवते, तो माझा जाहिरातखर्च.

त्यातून जे शिकले ते असं. पहिले दोन सेकंद आवाजाचे ठेवा: खलबत्ता, फोडणी, माग, कात्री, जे तुमच्या कामात वाजतं ते. मातीवाल्या मुलीने चाकावरच्या ओल्या हाताचा आवाज ठेवला, संगीत काढलं. खिडकीजवळ बसा, वरचा दिवा बंद करा, दिव्याखाली काळा मसाला डांबरासारखा दिसतो. एका व्हिडिओत एकच गोष्ट. दगडफूल दाखवायचं तर दगडफूलच, त्यात ऑफर घुसवायची नाही. आठवड्याला दोन पुरेत. रोज टाकणारे मी बघते, तिसऱ्या महिन्यात थकतात आणि मग दिवाळीशिवाय दिसत नाहीत.

आणि भाषा धुऊन पुसून घेऊ नका. एकदा मी म्हटलं, "वरून सांबार घाला." पुण्याच्या एका ताईंनी घाबरून फोन केला, डोशाबरोबरचं सांबार वरून का घालायचं? मी हसत सुटले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी त्याचीच. मुलगी म्हणाली, यापुढे कोथिंबीर म्हण. मी उलट त्यावरच एक व्हिडिओ केला, हातात जुडी घेऊन. बंगलोर, पुणे, अबूधाबी इथल्या नागपूरकरांनी तो आपापल्या सासरी-ऑफिसात दाखवला. घर सोडून गेलेल्या माणसाला आपला शब्द कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाला की तो पाकीट मागवतोच. गेल्या वर्षी बाहेरगावी गेलेल्या माझ्या मालाचा मोठा वाटा अशाच घरांत गेला.

गट का मेला आणि कसा उठला

इथं जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त चुका मी इथं केल्या.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी बहुतेकांना माहीत असते. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून पाकिटात चिठ्ठी टाका, "हा नंबर साठवा, नवीन बॅच निघाली की कळवेन." हे यादीचं काम झालं. यादीत तुम्ही बोलता, ते ऐकतात. काही जण यालाच समूह समजतात. तो समूह नव्हे, ती दवंडी.

मी २०१९ मध्ये व्हॉट्सॲपवर ग्राहकांचा गट केला. शंभर-सव्वाशे ग्राहक त्यात घातले, न विचारता. पहिली चूक. मग रोज सकाळी फुलांचं चित्र, दर सोमवारी ऑफर. महिन्याभरात तीस जण निघून गेले, उरलेल्यांनी गट मुका करून ठेवला. एक सेवानिवृत्त बँकवाले काका तेवढे रोज ‘सुप्रभात’ लिहायचे. आम्ही दोघंच.

एका रात्री वैतागून मी विचारलं, "तुमच्या घरी रश्श्याला दाटपणा कशाने आणतात? खसखस, खोबरं, ज्वारीचं पीठ की भाजलेले चणे?" झोपले. सकाळी उठले तर ऐंशीच्या वर निरोप. ज्वारीवाले एका बाजूला, खोबरंवाले दुसऱ्या बाजूला, उमरेडच्या एका बाईंनी त्यांच्या आजीची अख्खी पद्धत आवाजात रेकॉर्ड करून टाकली, मध्येच कुकरची शिट्टी. दोन घरांचं एकमेकांशी नातं निघालं. माझ्या मसाल्याबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि त्या आठवड्यात अकरा किलो गेला.

तेव्हापासूनचे माझे नियम. न विचारता कोणाला घ्यायचं नाही. एक प्रश्न आठवड्याला, शुक्रवारी रात्री, कारण रविवारचा बेत तेव्हा ठरतो. प्रश्न असा हवा की प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असेल आणि कोणाचंच चूक नसेल. "आमचा मसाला कसा वाटला?" हा प्रश्न कधीच नाही. त्याला लोक ‘छान’ म्हणतात आणि विषय मरतो. ऑफर गटात नाही, यादीत.

आणि सगळ्यात अवघड नियम: उत्तर द्यायला दोन तास थांबायचं. कोणी विचारलं, "रस्सा कडू झाला, काय करू?" तर बोटं शिवशिवतात. थांबायचं. तेवढ्यात गटातलं दुसरं कोणी सांगतं, बटाटा टाक, उकडलेल्या कांद्याची पेस्ट टाक. पहिल्यांदा उत्तर देणारी बाई पुढच्या वेळी आपणहून देते, आणि तिसऱ्या वेळी लोक तिलाच विचारतात. गटात आता एकशे ऐंशी माणसं आहेत आणि मी त्यातली फार बोलणारी नाही. बँकवाल्या काकांना मी काम दिलं: महिन्याभरात आलेल्या पाककृती नीट लिहून एका फाइलमध्ये ठेवायच्या. त्यांनी तारीखवार, पानांना क्रमांक घालून, अनुक्रमणिकेसकट ठेवल्या आहेत. सुप्रभात बंद झालं. काम मिळालं की माणूस बदलतो, काकांपुरतं तरी खरं आहे.

मसाल्याचा बडग्या

ही कल्पना माझी नाही, अख्ख्या नागपूरची आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले बाईचे पुतळे, निघतात, शंभराहून अधिक वर्षांची परंपरा. बरोबर बडगे असतात, म्हणजे नको असलेल्या गोष्टींची बुजगावणी. वस्तीवस्तीतली पोरं आपापला बडग्या करतात, कोणी महागाईचा, कोणी खड्ड्यांचा, कोणी लाचखाऊंचा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळतात. मी लहानपणापासून बघते, तरी एवढ्या वर्षांनी लक्षात आलं की कोणता बडग्या करा हे त्या पोरांना कोणी सांगत नाही. म्हणून तर ती दरवर्षी करतात.

२०२१ मध्ये मी गटात लिहिलं, "या वर्षी आपल्या मसाल्याचा बडग्या कोणता? काय जाळायचं?" जो प्रश्न मी एरवी विचारत नाही, तो त्या एका दिवशी विचारते, पण उलटा करून. चेष्टेत लोक खरं बोलतात. ‘पाकिटाची झिप, जी कधीच लागत नाही’ हा पहिल्या वर्षीचा बडग्या. एकाने चिंध्यांचं झिपचं बुजगावणं करून फोटो टाकला. दुसऱ्या वर्षी ‘काकूंचं उद्या पाठवते’. तो मला लागला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून माल फक्त मंगळवार आणि शुक्रवारी पाठवायचा असं ठरवलं आणि तसं छापलं. आता "उद्या" हा शब्द मी तोंडातून काढत नाही. ज्याची सूचना सर्वांत जास्त जणांनी उचलली त्याला दिवाळीत एक पाकीट आणि पुढच्या बॅचच्या चिठ्ठीवर त्याचं नाव, त्याला विचारून.

बडगे करणाऱ्या माणसांचे फोटो पाहून कोणी म्हणेल, हे सगळं छान छान आहे. एक वाईटही सांगते. एका बॅचला दगडफूल करपलं. भाजणाऱ्या बाईला बरं नव्हतं, मी फोनवर होते, चूक माझी. चौदा किलो माल निघून गेल्यावर दोन घरांतून कडवटपणाची तक्रार आली. मी बॅचचा क्रमांक वही काढून बघितला, तो ज्या ज्या घरी गेला होता त्या सगळ्यांना, तक्रार न केलेल्यांनाही, फोन केला. गटात लिहिलं: अमुक बॅच, करपलं, फेकून द्या किंवा परत करा, नवीन पाठवते. तीन दिवस आणि साधारण सोळा हजार रुपये गेले. बॅच क्रमांक आणि वही नसती तर मी कोणाला फोन करणार होते? म्हणून स्टिकरवर तो छोटा आकडा न चुकता टाका, तुम्ही पाच किलो करत असाल तरी.

पैसे देऊन केलेली स्तुती

एकदा मीही भुलले. खाण्याचे व्हिडिओ करणारा एक जण, दोन लाखांवर लोक बघतात म्हणाला. पंधरा हजार घेतले, वर चार पाकिटं. व्हिडिओत त्याने एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नागपूरचा सर्वांत जुना सावजी मसाला." मी २०१६ ची! त्याला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, असंच चालतं." ऑर्डरी आल्या नऊ. त्यातली एक माझ्या भाच्याची.

तेव्हा मला माहीत नव्हतं, नंतर वाचलं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा लोकांसाठी नियम आणले: पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ती जाहिरात असल्याचं ठळकपणे सांगायला हवं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो फक्त बोलणाऱ्याला नाही, ज्याच्या मालाबद्दल खोटं बोललं गेलं त्यालाही. म्हणजे मला. त्याने तो व्हिडिओ काढावा म्हणून मी आठ दिवस त्याच्या मागे होते.

कोणाकडून करून घ्यायचंच असेल तर आधीपासून पैसे देऊन तुमचा माल घेत असलेल्यालाच विचारा. वहीत शोधा, एखादा तरी निघतो. माझ्याकडे एक शाळेतली शिक्षिका निघाली, तिचे बघणारे जेमतेम तीन हजार, बहुतेक नागपूर-वर्धा-अमरावतीचे. ती "हे पाकीट मला भेट मिळालं आहे" असं आधीच सांगते. तिच्या एका व्हिडिओने पंधरा हजारवाल्याच्या चौपट माल नेला.

हिशेबाचं थोडक्यात. शंभर ग्रॅमचं पाकीट मी १२० रुपयांना देते. त्यातले चार रुपये मी बाजूला काढते: चिठ्ठी, बडग्याचं बक्षीस, दादांचा अर्धा किलो, बदलून द्यायचा माल, सगळं त्यातून. जे महिन्याला त्या चार रुपयांत बसत नाही ते करायचं नाही. मालाची किंमत कमी करून ग्राहक जोडू नका एवढंच. माझे जे ऑफरमध्ये आले ते वहीत दुसऱ्यांदा सापडत नाहीत.

नक्कल

चालायला लागलं की नक्कल होते. गेल्या हिवाळ्यात गटातल्या एका मावशींनी बाजारातून फोटो पाठवला: काळ्या रश्श्याची वाटी, तीच ओळ, नावात एका अक्षराचा फरक. मला रडूच आलं. मुलगी म्हणाली, सगळीकडे फोटो टाकून त्यांची इज्जत काढू. मी नाही म्हटलं. एक तर आपण टाकलेला फोटो म्हणजे त्यांची फुकट जाहिरात, दुसरं म्हणजे आपलं काही चुकलं तर उलट आपल्यावरच यायचं. त्याऐवजी हे केलं, तुम्हीही असंच करा: एक पाकीट बिलासकट विकत घेतलं, पुढून-मागून फोटो काढले, दुकान आणि तारीख वहीत लिहिली, ट्रेडमार्कचा अर्ज आधीच केलेला होता त्याची प्रत काढली, आणि वकिलाकरवी एक साधी नोटीस पाठवली. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, पण बाजारात नवीन माल दिसत नाही.

पाकीट नीट बघितल्यावर एक गोष्ट सापडली. पठ्ठ्यांनी लेबलची मागची बाजू इतकी हुबेहूब उतरवली होती की तक्रारीसाठीचा फोन नंबरही माझाच छापला होता. आठवड्याला दोन-तीन फोन येतात, चव पातळ आहे म्हणून. मी आधी सांगते की तो मसाला माझा नव्हे, मग विचारते कशात घातला होता, आणि त्यांचंही नाव वहीत लिहून घेते.